जुन्या सिनेमातले कट संथ का वाटतात? संकलनाची रीत बदलली ती कशामुळे?

टाइमलाइन_कर्वेनगर

नमस्कार मंडळी. मी कर्वेनगरला राहतो, लग्नामुंजींचे व्हिडिओ एडिट करतो. रीतसर शिक्षण नाही, जे येतं ते काम करता करता आलेलं. मागच्या आठवड्यात आजोबांना घेऊन लॉ कॉलेज रोडवर फिल्म अर्काइव्हच्या थिएटरात 'कुंकू' बघायला गेलो होतो. १९३७ चा प्रभातचा सिनेमा. सुरुवातीचा बराच वेळ मला जड गेला. मला वाटायचं शॉट संपला, आणि तो पुढे चालूच राहायचा. मग कधीतरी मी हे विसरलो आणि शांता आपट्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसलो. सिनेमाला पार्श्वसंगीतच नाही, हे तर बाहेर आल्यावर आजोबांनी सांगितलं तेव्हा कळलं.

माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांना तीन मिनिटांच्या टीझरमध्ये ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला कट हवा असतो. मी तो देतो. पण त्या दिवसापासून डोक्यात घोळतंय की ही रीत आली कुठून? कापण्याची पद्धत दर दहा-वीस वर्षांनी बदलत गेलेली दिसते, ती प्रेक्षक अधीर झाला म्हणून की कॉम्प्युटर आला म्हणून? जुन्या लोकांना वेगात कापता येत नव्हतं की कापायचं नव्हतं? कुणी प्रत्यक्ष फिल्मवर काम केलं असेल तर त्यांच्याकडून ऐकायला फार आवडेल.

नळस्टॉपचा_प्रेक्षक

वेग वाढला हे खरंच आहे. डेव्हिड बोर्डवेल या अमेरिकन अभ्यासकाने हॉलिवूडच्या चित्रपटांची मोजदाद केली होती. १९३० ते १९६० या काळात बहुतेक चित्रपटांत ३०० ते ७०० शॉट असायचे, म्हणजे एक शॉट सरासरी आठ ते अकरा सेकंदांचा. सत्तरच्या दशकात तो पाच ते आठ सेकंदांवर आला आणि शतक संपता संपता तीन ते सहावर. २००४ च्या 'द बॉर्न सुप्रीमसी'त तर तो दोन सेकंदांच्या आसपास आहे. हे आकडे हॉलिवूडचे आहेत, प्रभातला तसेच लावू नका, पण दिशा कळते.

'कापता येत नव्हतं' हे मात्र मनातून काढून टाका. सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनस्टाइनचा 'बॅटलशिप पोटेमकिन' १९२५ चा. ओडेसाच्या पायऱ्यांवरचा गोळीबार बघा, आजच्या कुठल्याही अ‍ॅक्शन सिनेमाला भारी पडेल. १९२९ चा 'मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा' तर त्याहून पुढचा, त्यातले काही तुकडे एकदोन फ्रेमचे आहेत. तो कापला त्याचा दिग्दर्शक झिगा व्हर्टोव्ह याची पत्नी येलिझावेता स्विलोव्हा हिने, आणि संकलनाच्या टेबलावर पट्ट्या जोडताना ती स्वतःही त्या सिनेमात दिसते.

ट्रिमबिन

'कापता येत नव्हतं की कापायचं नव्हतं' हा प्रश्न मला फार आवडला, म्हणून सविस्तर लिहिते.

मी ऐंशीच्या दशकात मुंबईत असिस्टंट एडिटर म्हणून लागले. आधी माहितीपट, मग मराठी चित्रपट. स्टीनबेकवर, म्हणजे फिल्म कापायच्या टेबलावर, हात बसला, पुढे सगळं एव्हिडवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, गेलं तेव्हा तेही शिकले. आता एरंडवण्यात राहते. अर्काइव्हचं थिएटर चालत जाण्याच्या अंतरावर आहे, ही माझ्या आयुष्यातली मोठी चैन आहे.

नळस्टॉपच्या प्रेक्षकांनी दिलेले आकडे मला मान्य आहेत. पण संकलनाचा इतिहास नुसता वेगाचा म्हणून वाचला तर फार थोडं हाती लागतं. माझ्या मते तो गाळण्याचा इतिहास आहे. दोन शॉटच्या मधलं काय काय प्रेक्षक स्वतः भरून घेईल, यावर संकलकाने किती भरवसा टाकला ते बदलत गेलं.

एक साधा प्रसंग घेऊ. नायक सदाशिव पेठेतल्या घरातून निघतो आणि गिरगावात बहिणीकडे पोचतो. फाळक्यांच्या काळात ही दोन सबंध दृश्यं असती, कॅमेरा समोर, माणसं डोक्यापासून पायापर्यंत दिसणारी, आणि मधे एक पाटी. चाळीसच्या दशकात तो दार ओढून घेतो, टांगा, इंजिनाची चाकं, डिझॉल्व्ह (एक चित्र विरघळत त्यात दुसरं उमटणं), गिरगावच्या चाळीचा जिना, बहीण दार उघडते. सत्तरच्या दशकात तो आईला म्हणतो, 'ताईकडे जाऊन येतो', आणि कट, ताई त्याच्यापुढे चहाचा कप ठेवते आहे. आजचा संकलक तो अजून पुण्याच्या खोलीत शर्टाची बटणं लावत असतानाच बहिणीचं वाक्य ऐकवायला लागेल, 'आता आठवण झाली का रे माझी?' आणि मग हळूच चित्र बदलेल. टांगा गेला, जिना गेला, दार गेलं. या शेवटच्या पद्धतीत बटणं लावण्याचा शॉट भरपूर लांब असू शकतो, हे लक्षात घ्या. गाळलं जास्त, पण घाई नाही.

आता हे गाळणं दर काळात वेगळं का झालं, तर त्याचं बरंचसं उत्तर कटिंग रूममध्येच सापडतं.

आधी आवाज. मूकपटाच्या अखेरीस जगभरचे संकलक मनात येईल ते करू शकत होते. मग आवाज आला आणि सगळं गोठलं. आपला 'आलम आरा' १९३१ मध्ये तनार यंत्रणेवर झाला. तीत चित्र आणि आवाज एकाच निगेटिव्हवर उमटायचे. पण आवाजाची जागा चित्राच्या खिडकीपासून थोडी दूर असते, त्यामुळे एखाद्या फ्रेमचा आवाज पट्टीवर त्या फ्रेमच्या शेजारी नसतो, वीसेक फ्रेम अंतरावर असतो. चित्र नेमकं कापाल तर आवाज भलत्याच अक्षरावर तुटेल. मग संकलक काय करणार? वाक्य संपून शांतता येईपर्यंत थांबणार. तिकडे कॅमेऱ्याची घरघर माइकमध्ये जाऊ नये म्हणून कॅमेराही खोक्यात बंद. सुरुवातीच्या बोलपटांचा संथपणा लोक अभिरुचीच्या खात्यावर टाकतात, त्यातला बराचसा या वीस फ्रेमच्या खात्यावर टाकायला हवा. आवाज वेगळ्या पट्टीवर घेता येऊ लागला तशी मोकळीक परत आली.

म्हणूनच तुम्ही 'कुंकू' बघितलात याचा मला आनंद झाला. बोलपट येऊन जेमतेम सहा वर्षं झालेली आणि शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत काढूनच टाकलं. पार्श्वसंगीत कट झाकतं. व्हायोलिनं चालू असली की दोन शॉटमधला सांधा कानाला जाणवत नाही, म्हणून डोळ्यालाही जाणवत नाही. इथे तो आडोसाच नाही. घड्याळाची टिकटिक, पावलं, भांडी, माणसांचं बोलणं, एवढ्यावर प्रत्येक कट उभा करायचा. शॉट लांब आहेत ते या हिशेबाने बघा.

दुसरी गोष्ट डिझॉल्व्हची. तुम्हाला तो एका कीवर मिळतो. आम्ही वर्कप्रिंटवर, म्हणजे कापायच्या कामाच्या प्रतीवर, चायनाग्राफ पेन्सिलने नुसती तिरकी रेघ मारायचो, खरा डिझॉल्व्ह लॅबमध्ये ऑप्टिकल प्रिंटरवर व्हायचा. त्यासाठी त्या तुकड्याची ड्यूप निगेटिव्ह काढावी लागे, आणि प्रतीची प्रत काढली की दाणा वाढतो. जुन्या सिनेमात दृश्य विरघळायच्या किंचित आधी चित्र एकदम खरखरीत होतं ते यामुळे. नीट लक्ष दिलंत तर आता दृश्य बदलणार हे तुम्हाला आधीच कळेल. पैसा जायचा, वेळ जायचा, तरीही तीस-चाळीस वर्षं संकलकांनी डिझॉल्व्ह वापरला, कारण 'काळ गेला' हे प्रेक्षकाला सांगितलंच पाहिजे अशी समजूत होती.

ती समजूत कशी मोडली याचा एक सुंदर पुरावा आहे. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया', १९६२. लॉरेन्स पेटती काडी फुंकर मारून विझवतो आणि थेट वाळवंटातला सूर्योदय. पटकथेत तिथे डिझॉल्व्ह होता. पण वर्कप्रिंटवर तो फक्त खुणेपुरता, त्यामुळे संकलक अ‍ॅन कोट्स आणि दिग्दर्शक डेव्हिड लीन यांना तो टेबलावर सरळ कट म्हणूनच दिसला, आणि इतका आवडला की तसाच राहिला. लॅबचं काम व्हायचं होतं म्हणून सिनेमातला एक थोर कट जन्माला आला. अर्थात तो ओळखायला नजर लागते. लीन स्वतः आधी संकलक होता.

त्याच सुमाराला फ्रान्समध्ये गोदारचा 'ब्रेथलेस' आला (१९६०). सिनेमा लांबला होता, तर सबंध दृश्यं काढण्याऐवजी त्याने चालू शॉटच्या पोटातूनच तुकडे काढले, त्याला आपण जंप कट म्हणतो. यावर भरपूर लिहिलं गेलंय, मी थांबत नाही. मला त्यापेक्षा स्प्लाइसरबद्दल, म्हणजे फिल्मचे तुकडे जोडायच्या यंत्राबद्दल, सांगायचं आहे, कारण त्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही.

पूर्वी फिल्म सिमेंटने जोडायचे. एका तुकड्याच्या कडेचं इमल्शन (चित्र धरणारा थर) खरवडायचं, सिमेंट लावायचं, दुसरा तुकडा वर दाबायचा. हा जॉइंट उघडून कट बदलायचा म्हटलं की दोन्हीकडची एकेक फ्रेम गेली. मग चित्र आणि आवाजाचा मेळ (सिंक) सांभाळायला तिथे काळी फ्रेम टाका. चार वेळा मत बदललंत तर शॉटच्या मधोमध काळे ठिपके लुकलुकायला लागत. त्यामुळे माणूस कापायच्या आधी विचार करायचा, आणि नेहमीच्या सुरक्षित जागी कापायचा. पुढे टेपचे स्प्लाइसर आले. इटलीत फेलिनीचा संकलक लिओ कातोझो याने बनवलेला तर जगभर गेला. टेप काढा, दोन फ्रेम पुढे सरका, पुन्हा लावा, बघा, नाही आवडलं तर होतं तसं करा. काहीही वाया नाही. साठच्या दशकातल्या धीट कटांमागे तत्त्वज्ञान असेलच, पण ही पारदर्शक चिकटपट्टीही आहे, असं मला मनापासून वाटतं.

तिसरी गोष्ट आपली, गाण्याची. १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये नितीन बोस यांनी पार्श्वगायन आणलं. गाणं आधीच मुद्रित झालेलं असलं की आवाज अखंड, चित्र हवं तिथे तोडा. पहिलं कडवं नदीकाठी, दुसरं डोंगरावर, साडी वेगळी, ऋतू वेगळा, आणि ती तिथे पोचली कधी असं कुणीही विचारत नाही. स्थळकाळाच्या ज्या उड्यांनी युरोपातल्या समीक्षकांना साठ साली धक्का बसला, तशा आपला चवलीवाला प्रेक्षक गाण्यात कित्येक वर्षं पचवत होता. विजय आनंद स्वतःचे चित्रपट स्वतः कापायचे, त्यांची गाणी बघा. कट कधी तालावर, कधी शब्दावर, कधी नुसता मान वळण्यावर. तुमचा ढोलाचा टीझर परदेशी म्युझिक व्हिडिओंचा वारस आहे असं तुम्हाला वाटत असेल, तर त्याचं अर्धं घराणं इथलंच आहे.

टेबलावर काम कसं चालायचं तेही थोडं सांगते. ३५ मिलिमीटरच्या एका फुटात १६ फ्रेम, सेकंदाला २४, हजार फुटांचं रीळ म्हणजे अकरा मिनिटं. कापलेले तुकडे, म्हणजे ट्रिम, कापडी पिशवी लावलेल्या बिनवर खिळ्यांना टांगायचे, प्रत्येकावर सीन आणि टेक. असिस्टंटचं काम म्हणजे एडिटरने हात पुढे केला की योग्य ट्रिम त्या हातात पडली पाहिजे. दोन फ्रेमची ट्रिम हरवली तर सगळी खोली गुडघ्यांवर. फिल्मच्या कडेचे नंबर वाचत वाचत रात्र व्हायची. एखादा शॉट शोधायला रीळ मागे-पुढे फिरवावं लागायचं, आणि त्या वाटेत न शोधलेले शॉट दिसायचे. चौथ्या टेकच्या शेवटी, दिग्दर्शकाने 'कट' म्हटल्यानंतर नटीने सोडलेला सुस्कारा असाच कुणाला तरी दिसतो, आणि सिनेमात जातो. तुमच्या कॉम्प्युटरवरच्या बिनमध्ये थेट नावाने शॉट सापडतो. सोय आहे, पण तो प्रवास गेला.

एक सावधगिरी. जुन्या सिनेमात अधूनमधून जो झटका बसतो तो दर वेळी शैलीचा भाग नसतो. प्रिंट हजारदा चाललेली असते, तुटलेली असते, ऑपरेटरने दोनचार फ्रेम काढून जोडलेली असते. आपल्याकडे तर अशी झिजलेली प्रत उरली हेच पुष्कळ. 'आलम आरा'ची एकही प्रत उरलेली नाही, आणि इथे पुण्यात २००३ मध्ये लागलेल्या आगीत नायट्रेट फिल्मवरचे कितीतरी जुने चित्रपट गेले.

टाइमलाइन_कर्वेनगर

ताई, हे मी दोनदा वाचलं आणि वर्गणी काढून छापावं असं वाटतंय. मला अहो-जाहो नका करू, मी तुमच्या मुलाच्या वयाचा असेन. दोन शंका आहेत. तुमच्या हिशेबाने 'शोले' कुठे बसतो? आजोबांच्या पिढीला तो वेगवान वाटला होता म्हणतात, मला तर निवांत वाटतो. आणि मग कॉम्प्युटर आल्यावर नेमकं काय झालं?

ओटीटी_बाणेर

मी वेब सिरीज कापतो, तेव्हा मधेच बोलतो. ट्रिमबिनताईंचं लिखाण उत्तम आहे, पण मला वाटतं त्या हत्याराला जरा जास्त श्रेय देतात. आज माझ्यापुढे एका साध्या संवादाच्या सीनचं तीन कॅमेऱ्यांचं फुटेज येतं. निगेटिव्हचा खर्च नाही म्हणून कॅमेरा बंदच होत नाही. वाईड, मिड, क्लोज, पुन्हा खांद्यावरून क्लोज, सगळं आहे, आणि ते आहे म्हणून वापरलं जातं. एक कट न केलेला शॉट ठेवला की वरून नोट येते, 'इथे एनर्जी पडतेय'. पडदाही बदललाय. मोबाइलवर वाईड शॉटमध्ये माणूस मुंगीएवढा दिसतो, म्हणून क्लोज, आणि क्लोज फार वेळ ठेवला तर गुदमरतं, म्हणून कट. शिवाय प्रेक्षकाचं बोट दहा सेकंद पुढे ढकलणाऱ्या बटणावर असतं. थिएटरात तो अंधारात बसलेला होता, तिकीट काढून. तो फरक कुठल्याही स्प्लाइसरपेक्षा मोठा आहे.

ट्रिमबिन

बाणेरकर, बोटाचा मुद्दा अगदी बरोबर आहे, आणि फुटेजचाही. आमच्या वेळी निगेटिव्ह महाग म्हणून दिग्दर्शक डोक्यात कापूनच शूट करायचा. संकलकाला जो निर्णय अर्धा घेतलेला मिळायचा तो तुम्हाला संपूर्ण घ्यावा लागतो, तेही वरून नोटा येत असताना. हे काम आमच्याहून अवघड आहे असं मी मानते.

पण कॉम्प्युटरने वेग आणला असं सरसकट म्हणवत नाही. एव्हिड १९८९ मध्ये आलं. एव्हिडवर कापलेल्या चित्रपटाला संकलनाचं ऑस्कर पहिल्यांदा मिळालं ते १९९६ च्या 'द इंग्लिश पेशंट'ला, संकलक वॉल्टर मर्च. तो सिनेमा बघा, कुठेही धावपळ नाही. काळ मात्र सारखा मागे-पुढे होतो. आणि डिजिटलनेच २००२ मध्ये 'रशियन आर्क' शक्य केला, ९६ मिनिटांचा एकच शॉट, एकही कट नाही. हिचकॉकला १९४८ मध्ये 'रोप' करताना हे करताच आलं नसतं, कॅमेऱ्यात हजार फुटांहून जास्त फिल्म मावत नव्हती. म्हणजे त्याच हत्याराने एकाला दोन सेकंदांचा शॉट दिला आणि दुसऱ्याला दीड तासाचा.

आता 'शोले'. त्याचे संकलक एम. एस. शिंदे, आपले मराठी. आणि त्या चित्रपटाला मिळालेलं एकमेव फिल्मफेअर हे संकलनाचं होतं, हे फार लोकांना ठाऊक नसतं. २०४ मिनिटांचा सिनेमा म्हणजे अठरा हजार फुटांहून जास्त, आणि तो कशाकशातून निवडून काढला असेल ही कल्पनाच कर. पण मला त्यात रेल्वेच्या मारामारीपेक्षा दोन जागा महत्त्वाच्या वाटतात. ठाकूरच्या घरचं हत्याकांड. झोपाळ्याची करकर, माणसं कोसळताना गोठलेल्या फ्रेम, आणि शेवटी गब्बर लहान मुलासमोर उभा राहतो. गोळीचा आवाज होतो पण मूल पडताना आपल्याला दिसत नाही, कट थेट आगगाडीवर जातो. दुसरी, गब्बर तलवारी उगारतो, आणि हात तुटताना दिसायच्या आत आपण वर्तमानात ठाकूरपाशी, अंगावरची शाल घसरलेली. तुला तो सिनेमा निवांत वाटतो, कारण संवादांना भरपूर जागा दिली आहे. पण जिथे गाळायचं तिथे शिंदे एका फ्रेमचीही दया करत नाहीत.

आणि तिथून ४१ वर्षं पुढे ये. 'सैराट', २०१६, संकलक कुतुब इनामदार. पुन्हा एक हत्या, पुन्हा एक लहान मूल. मारताना काहीच दाखवलेलं नाही. मूल शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं असतं, परत येतं, आणि आवाजच नाहीसा होतो. अलका टॉकीजला मी तो पाहिला तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतली कॉलेजची मुलं, जी अडीच तास शिट्ट्या मारत होती, ती दिवे लागल्यावरही उठली नाहीत. त्यांच्याही खिशात मोबाइल होते, बाणेरकर. त्यांचं लक्ष टिकत नाही असं मला कुणी सांगू नये.

उलट टोकाला चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' (२०१४). तिथे कोर्टाचं काम संपतं, माणसं बाहेर पडतात, दिवे मालवले जातात, तरी शॉट चालूच. कुठल्याही संकलकाने काम संपताच कापलं असतं. इथे ते कापलं नाही म्हणून आपल्याला ती रिकामी खोली बघत बसावं लागतं, आणि तुरुंगात अडकलेल्या माणसाचं काय होणार ते मनात येतं. गाळायचं कधी हे जितकं महत्त्वाचं, तितकंच गाळायचं नाही कधी हेही. म्हणून मी म्हणते, हत्यार वाट मोकळी करतं, चालायचं कुठे ते नाही सांगत.

स्विलोव्हाचा उल्लेख आला म्हणून एक राहून गेलेली गोष्ट. सरस्वतीबाई फाळके रात्री जागून कच्च्या फिल्मला छिद्रं पाडायच्या, ती धुण्याच्या कामातही त्यांचा हात होता. आणि आपल्या इथल्याच फिल्म इन्स्टिट्यूटमधून १९७६ मध्ये बाहेर पडलेल्या रेणू सलुजा, ज्यांनी 'जाने भी दो यारो' कापला आणि 'परिंदा'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. मी कामाला लागले तेव्हा मुलीला एडिटिंग रूममध्ये रात्रपाळी जमेल का असं विचारणारे लोक होते, त्यांना मी रेणू सलुजांचं नाव सांगायचे. त्या २००० साली फार लवकर गेल्या.

टाइमलाइन_कर्वेनगर

आता खरा पोटापाण्याचा प्रश्न विचारतो. येत्या रविवारी एक टीझर द्यायचाय. क्लायंटला ठोक्यावर कट हवाच आहे. मी त्यात काय करू शकतो?

ट्रिमबिन

ठोक्यावर कट दे की. पण ठोका म्हणजे टिपरू कातड्यावर आपटतं तो क्षण असं धरून बसू नकोस. वादकाचा हात वर जातो तिथे काप आणि पुढच्या शॉटमध्ये तो हात खाली येऊ दे, म्हणजे हालचाल कटाच्या आरपार जाते आणि ठोका नव्या चित्रावर पडतो. एकदोन फ्रेम आधी कापून बघ, बरोबर ठोक्यावर कापलेला कट पुष्कळदा उशिरा आल्यासारखा वाटतो. सगळे ठोके घेऊ नकोस. तीन घे, चौथा सोड, आणि सोडलेल्या ठिकाणी एखादं माणूस असू दे, झेंडा किंवा लायटिंग नको.

मग पाठवणीचा शॉट असेलच. मुलीच्या आईचा चेहरा मिळाला असेल तर त्यावर ढोल बंद कर, खोलीतला जो काही खरा आवाज आहे तो ठेव, आणि तुला 'आता कापावं' असं वाटेल त्यानंतर थोडं थांब. त्या बाईला रडू आवरायला जेवढा वेळ लागला तेवढा तिला दे. क्लायंटने काढायला सांगितलं तर काढ, तुझं पोट त्यावर आहे. पण आधी दाखव. माझा अनुभव असा की हा शॉट कुणी काढायला सांगत नाही.

पुढच्या वेळी अर्काइव्हमधून घरी आलास की त्यातला एखादा प्रसंग इंटरनेटवर मिळतोय का बघ. एकदा आवाज पूर्ण बंद करून बघ आणि प्रत्येक कटाला टेबलावर टिचकी मार. मग स्क्रीन झाकून नुसता ऐक. पहिल्या वेळी तुला संकलक कुठे कापतो ते कळेल, दुसऱ्या वेळी का कापतो ते. स्विलोव्हाचा सिनेमा बघशील तेव्हा मात्र फ्रेम थांबवत थांबवत बघ, तिथे टिचक्या मारायला हात पुरणार नाहीत.